ताटात आलेली तार

॥ ॐ नमः शिवाय ॥

चाकूर, जि. लातूर
ज्येष्ठ शुद्ध पंचमी, सन १९८३

प्रिय ईश्वरप्पा,

'प्रिय' हा शब्द पंचावन्न वर्षांच्या सवयीने लिहिला गेला आहे. खोडला असता, परंतु खोडाखोड केलेले पत्र तुला पाठवावे इतकी जवळीक आता आपल्यात उरलेली नाही.

तुझे कार्ड परवा पोचले. पाकिटाचा खर्च न करता तू उघड्या कार्डावर लिहिलेस, त्यामुळे आमच्या पोस्टमनने ते आधी वाचले आणि माझ्या हाती देऊन, मी काय म्हणतो ते पाहण्यासाठी पायरीवर रेंगाळत उभा राहिला. तू लिहितोस, 'झाले गेले विसरून आम्ही शिवकांतास पदरात घेण्यास तयार आहोत. मात्र साखरपुड्याआधी तिने महिनाभर लातुरास येऊन रुद्राणीच्या हाताखाली स्वयंपाक शिकावा. भेंडीपासून सुरुवात करू!' शेवटचे उद्गारचिन्ह तू दोनदा गिरवले आहेस. 'पदरात घेणे' ही दयेची क्रिया आहे, ईश्वरप्पा. अनाथाला पदरात घेतात, चुकलेल्याला पदरात घेतात. माझ्या नातीला तुझ्या घराच्या दयेची गरज पडावी असे तिच्या हातून काय घडले, याचा विचार तू कधी केलास काय? मी केला आहे. गेले दोन महिने दुसरे फारसे काही केलेले नाही.

चैत्रातल्या त्या सोमवारी तू जीपने आलास. आपण उस्मानाबाद जिल्ह्यात होतो तेव्हा कचेरीच्या कामाला आपण दोघे एकाच एसटीच्या एकाच बाकावर बसून जात होतो आणि एकाच फडक्यातली भाकरी मोडून खात होतो. गेल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला आणि त्यानंतर पावसाने तोंड फिरवले. या दोन घटनांपैकी पहिली तुझ्या वाट्याला आली, दुसरी माझ्या. तुझ्या नातवाला, भुजंगला, नव्या जिल्हा कचेरीत नोकरी लागली, आणि तेव्हापासून तुझ्या बोलण्यात 'आम्ही जिल्ह्याचे लोक' हे शब्द येऊ लागले, जणू चाकूर कोण्या दुसऱ्या राज्यात राहिले आहे. उंबऱ्यातून आत येतानाच तू सांगितलेस, की भुजंगसाठी मुलगी पाहून जाऊ, घरी विचार करू आणि होकार असो वा नकार, लातुराहून तार करू. एका पत्राने भागणारे काम तारेने करायचे, हीही जिल्ह्याची नवी रीत असावी, असे समजून मी मान डोलावली.

पुढे काय झाले ते तुला ठाऊक आहे. तू ते इतक्यांना सांगितले आहेस की तुला विसरणे शक्य नाही. तरीही मी लिहितो, कारण माझ्याकडची गोष्ट तुझ्या सांगण्यात कधी येत नाही. तू पहिला घास घेतलास. मग भेंडीची एक फोड दोन बोटांत धरून वर उचललीस, तिला सुटलेला धागा सगळ्यांना दिसावा म्हणून हात आणखी वर नेलास आणि म्हणालास, "आता तार कशाला करायची महादेवप्पा? ताटातच आली न्हाई का!" रुद्राणीवहिनींनी पदराने तोंड झाकले. भुजंग खाली पाहून हसला. तुझ्याबरोबर आलेल्या दोघांना हसता हसता ठसका लागला. मधल्या दाराआड शिवकांता भाकरीची दुरडी घेऊन उभी होती. तिने ती दुरडी खाली ठेवली नाही. तशीच बाहेर आली, प्रत्येकाला भाकरी वाढली, तुलाही वाढली. आणि तू, "बास बाई, आता पाणी वाढ," असे म्हणून पुन्हा एकदा हशा मिळवलास.

विनोद मी एक वेळ सोडून देईन. प्रसादाचे काय? आपल्याकडे ताटात येते ते लिंगाला अर्पण होऊन आलेले असते. शेवटचे शीत संपवायचे, ताटात पाणी घालून ते बोटाने निपटायचे आणि ते पाणी पिऊन मग उठायचे, हे तुला आणि मला एकाच मठात, एकाच स्वामींनी शिकवले. त्या दिवशी तू सगळी भेंडी ताटाच्या कडेला सारलीस, तिच्यावर वाटी पालथी घातलीस आणि उठलास. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा म्हणालास, "राहू दे बाबा, टंचाई हाय, पाणी वाया कशाला." जे पाणी ताट धुऊन पिऊन टाकायचे ते वाया जात नाही, ईश्वरप्पा, ते पोटात जाते. गळ्यात लिंग आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे घेऊन तू बसला होतास. चवीसाठी प्रसाद टाकणाऱ्याला आपले स्वामी काय म्हणत, ते तुला आठवत असेल. मी ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र शिवकांता वाचणार आहे.

आता तू परीक्षक झालाच आहेस आणि तुझ्या घरी तिची शाळा भरवणार आहेस, तर परीक्षेचा विषय तरी तुला ठाऊक असावा. माझी पत्नी शरणम्मा, जिला लिंगैक्य होऊन सहा वर्षे झाली, ती बिदरकडची. भेंडीला ती अखेरपर्यंत बेंडेकाई म्हणत असे. तिच्या हातची भेंडी एकाच रीतीची कधी नसे. पाहुण्यांसाठी बोटभर कोवळ्या भेंडीचे पोट चिरून, तीळ, सुके खोबरे आणि कारळे भाजून केलेले कूट त्यात भरून, लोखंडी तव्यावर एकेक उलटत केलेली. रोजच्या भाकरीबरोबर नुसत्या चकत्या. जिरे, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचे कूट. झाकण कधी नाही, आणि मीठ कढई उतरवताना. उन्हाळ्यात ताकातली, त्याला चमचाभर ज्वारीचे पीठ लावून दाट केलेली. निबर झालेली भेंडीही ती टाकत नसे. तिचे चिंचगुळातले दाट कालवण, म्हणजे गोज्जू, करी, जे खाण्यासाठी आमचा जावई उदगिराहून येत असे. आणि पावसाळ्यात उदंड आली, की चकत्या उन्हात खडखडीत वाळवून मडक्यात भरून ठेवी. बहात्तर साली, जेव्हा बाजारात हिरवे पान दिसत नव्हते, तेव्हा तू धान्याच्या कामाने चाकुरास आला होतास. तिने त्या वाळल्या चकत्या तेलात सोडून, तिखटमीठ भुरभुरून तुला वाढल्या. "वैनी, हे काय पापड हायेत का?" असे विचारून तू तीन वेळा मागून घेतल्यास. त्या वेळी तुला दुष्काळाची चव गोड लागली होती.

या सर्व रीतींच्या मुळाशी तिने एकच नियम ठेवला होता. भेंडीचा चिकटपणा हा तिचा दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. अख्खी असते तोवर तो तिच्या पोटात राहतो. म्हणून तिला अख्खी असतानाच धुवावे, फडक्याने कोरडी करावी, सावलीत पसरावी आणि मग विळीवर घ्यावी. आंबट घातले की तार तुटते, वाफ कोंडली की वाढते, मीठ आधी पडले की लौकर सुटते. पण हे सगळे नंतरचे. एकदा चिरलेल्या भेंडीला पाण्याचा थेंब दाखवला, की पुढे कोणतीही युक्ती पुरी पडत नाही. शिवकांता हे सारे वयाच्या अकराव्या वर्षी शिकली. तिचे वडील किनवटला आश्रमशाळेवर शिक्षक आहेत. तिथे पुढचे शिक्षण नाही म्हणून ती लहानपणीच आमच्याकडे आली आणि आजीच्या मागे मागे स्वयंपाकघरात वाढली. यंदाच्या टंचाईत तिने हात धुतलेल्या आणि भांडी विसळलेल्या पाण्यावर परसात भेंडीची बारा झाडे जगवली. तू आलास त्या दिवशी तुझ्या ताटात आलेली भेंडी त्या बारा झाडांची होती. चार दिवस तिने एकही भेंडी घरात शिजू दिली नाही, पाहुण्यांना पुरावी म्हणून. धुण्याइतके पाणी नव्हते, तर तिने एकेक भेंडी पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा कोरड्या फडक्याने पुसली आणि मग चिरली. असा हात रुद्राणीवहिनी महिनाभरात काय शिकवणार आहेत, ते मला कळव.

तुझ्या विनोदाचा पुढचा प्रवासही ऐक. वैशाखात देगलूरच्या एका घराशी बोलणे जवळजवळ पक्के झाले होते. मध्यस्थ हणमंतराव ठरल्या दिवशी एकटेच आले, बसस्थानकावरूनच परत जायला निघाले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, राग मानू नका, पण लातूरकरांनी जिची तार वाचली ती पोरगी हीच का?" देगलुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही चालतात. तुझा श्लेष कन्नडात उतरत नाही, कारण तिथे तारेला शब्द वेगळा आहे. तरीही लोकांनी तो एकमेकांना समजावून सांगून हसण्याचे कष्ट घेतले, असे हणमंतरावांनीच सांगितले. आमच्या गावात तर टँकरच्या रांगेत बायका तिला म्हणतात, "घागर जपून धर गं, हातातून निसटंल!" ती हसते आणि घागर उचलते. परंतु त्या दिवसापासून तिने भेंडी शिजवलेली नाही. बारा झाडे परसात निबर होऊन वाळली, शेंगा फुटून बिया खाली पडल्या.

येथपर्यंत लिहिले ते सर्व तुझ्या अंगावर आहे आणि त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. आता जे लिहितो ते माझ्या अंगावर आहे. तू येण्याआधी आठ दिवस जे पत्र पाठवलेस त्यात एक ओळ होती: 'पाण्याची टंचाई असली तरी मडीत हयगय नसावी.' स्वयंपाकाच्या सोवळ्याची आठवण तू मला करून द्यावीस, हे मला झोंबले. गेली वीस वर्षे दर सोमवारी मठात पोथी मी सांगतो. तू आलास त्या सकाळी नऊला टँकर आला आणि शिवकांता चिरलेली भेंडी परातीत फडक्याखाली झाकून, दोन घागरी घेऊन रांगेत गेली. मी एकटा घरात. भेंडी धुतलेली नाही, नुसती पुसली आहे, हे मला ठाऊक होते. मनात आले, की जेवताना कोणी विचारले, भेंडी धुतली होती काय, तर पोथी सांगणाऱ्या माणसाने काय उत्तर द्यावे? शरणम्माचा नियम मी चाळीस वर्षे ऐकला होता. पण ऐकणे आणि करणे यांत पुरुषांच्या बाबतीत जे अंतर असते ते माझ्यातही होते. माझ्या पूजेसाठी राखलेले तांब्याभर पाणी मी उचलले, फडके बाजूला केले आणि ते सगळे त्या चिरलेल्या भेंडीवर ओतले. हाताने खळबळून घेतले. ओतताना मी मंत्र म्हणत होतो. स्वतःच्या वाटणीचे पाणी दिले म्हणून मला समाधानही वाटले. शिवकांता परत आली, तिने परातीत पाहिले, मग माझ्या ओल्या हातांकडे पाहिले. तिने फोडी फडक्यावर पसरून उन्हात नेल्या, पण तेवढ्यात तुझ्या जीपचा आवाज आला. जेवताना तू फोड वर उचलून तो विनोद केलास, तेव्हा कोण कोण हसले ते मी वर लिहिले आहे. एक नाव त्यात नाही. मीही हसलो, ईश्वरप्पा. तुझी मर्जी राहावी म्हणून, नातीला चांगले घर मिळावे म्हणून, मी तुझ्याहून मोठ्याने हसलो, आणि दाराआड तिला माझेच हसणे सर्वांत स्पष्ट ऐकू गेले असणार. तुम्ही गेल्यावर तुझ्या ताटातली वाटी मी उचलली. प्रसाद टाकायचा नाही म्हणून त्याखालची भेंडी मी बसून खाल्ली. ती माझ्या तोंडात विरघळली, घशातून घसरली, आणि एकेका घासाला मला कळत होते की ही चव कोणाची आहे.

परवा तुझे कार्ड मी तिला वाचून दाखवले, आणि खरे सांगतो, वाचताना माझा आवाज आनंदाचा होता. देगलूर मोडले, दुसरे कोणी विचारत नाही. तुझी दया का होईना, ती घ्यावी असे माझ्या मनाने ठरवूनही टाकले होते. तिने शांतपणे ऐकले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा या विषयावर तोंड उघडले. म्हणाली, "मला त्या घरी न्हाई जायचं अज्जा. पण खरं काय झालं ते त्यांना कळवा. मी आजवर बोलले न्हाई, तुमी बोलाल म्हणून." मी काल एक पत्र लिहिले आणि तिच्या हाती दिले. त्यात लिहिले होते, 'त्या दिवशी भेंडीवर पाणी पडले होते.' तिने ते वाचले आणि परत माझ्यासमोर ठेवले. "पडलं न्हाई अज्जा. आभाळातून तर यंदा थेंब न्हाई पडला. वाक्यात कर्ता कुठंय?" चौतीस वर्षे मी शाळेत व्याकरण शिकवले, आणि आपला अपराध सांगायची वेळ आली तेव्हा मी क्रियापदाच्या मागे लपलो. ते पत्र फाडले आणि हे लिहिले. ती समोर बसून ज्वारी निवडत आहे आणि प्रत्येक पान वाळले की उचलून वाचत आहे. तेव्हा हा शेवट तिच्या देखत लिहितो. तुझ्या घरचा होकार आम्हांला नको आहे. येत्या सोमवारी पोथीआधी, मठात जमलेल्या सगळ्यांसमोर, मी हेच तोंडाने सांगणार आहे. त्यानंतर त्या आसनावर मी बसावे की नाही ते लोक ठरवतील. तुझ्याकडून एवढेच हवे आहे, की हे पत्र तू तुझ्या बैठकीत, जिथे ती गोष्ट सांगून चहा पाजतोस, तिथे त्याच माणसांना वाचून दाखव. गोष्ट सांगणे तुझ्याने सोडवणार नाही, हे मला ठाऊक आहे. सांग, हवे तितके हसव. फक्त इथून पुढे सांगशील तेव्हा असे सांग, की चाकूरच्या महादेवप्पा गुरुजींनी चिरलेली भेंडी धुतली.

तुझाच,
महादेवप्पा